सातव्या महिन्यात झालेल्या बाळाला प्रोबायोटिकच्या पुड्या: फायदा की नुसता खर्च?

भाऊ, तुमच्या बहिणीचं बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, वजन १२०० ग्रॅम. डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्या आणि मेडिकलवाला म्हणतो, ‘दह्यातलेच जंतू, कायले पैसे घालता?’ मी विदर्भातल्याच एका जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात कक्षात नर्स आहे, म्हणून सांगते.

पुडीत आतड्याला उपयोगी जिवंत जंतू असतात आणि ती एनईसी नावाचा आतड्याचा आजार टाळायला असते. या आजारात आतडं सडायला लागतं. सकाळी नळीने दूध नीट पचवणारं बाळ संध्याकाळी पोट फुगून निपचित पडतं, हिरवं ओकतं, शीमध्ये रक्त दिसतं. आतडं फाटलं तर ऑपरेशनसाठी नागपूर गाठावं लागतं.

आता हिशेब. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१३ च्या अभ्यासात पुडीने एनईसीचं प्रमाण ४.४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. म्हणजे ४३ बाळांना द्यावी तेव्हा एक बाळ या आजारातून सुटतं. समजा बाळामागे हजार रुपये लागले, तर झाले ४३ हजार. खासगीत ऑपरेशन आणि पुढचे काही आठवडे काचेच्या पेटीत, एवढं त्या पैशात होतं का? दवाखान्याला पुडी परवडतेच. तुमचं तसं नाही, तुम्ही एकाच बाळाचे पैसे भरता आणि ते एक बाळ आपलंच असेल याची हमी कोणी देत नाही. तरी मी असते तर घेतली असती.

पण वाट्टेल ती पुडी चालत नाही. इंग्लंडमध्ये तेराशे बाळांच्या अभ्यासात एका वेगळ्या जातीच्या जंतूचा काहीच उपयोग झाला नाही (२०१६). अमेरिकेत पुडीतलाच जंतू रक्तात जाऊन एक बाळ दगावलं, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने दवाखान्यांना इशारा दिला. म्हणून मेडिकलवाल्याने ‘तेच आहे’ म्हणून दुसरी कंपनी दिली तर घेऊ नका. फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर मे महिन्यात थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. सरकारी दवाखान्यात असाल तर आधी विचारा. आजारी नवजाताला तिथे औषधं मोफत मिळायला हवीत.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये ३२ आठवड्यांआतल्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळांसाठीच पुडीचा विचार करावा असं म्हटलंय. दूध वरचं असेल तर एनईसीचा धोका तसाही वाढतो. घरची म्हातारी माणसं चीक पिळून फेकायला सांगतील, फेकू देऊ नका. बहिणीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढायला लावा. सुरुवातीला वाटीच्या तळाला चिकटेल एवढंच निघतं. तेवढंही सिस्टरकडे नेऊन द्या.