दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात?

प्रश्न : मी रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात अकरा वर्षे रिॲक्टरवर, म्हणजे रसायनांची अभिक्रिया घडवणाऱ्या बंद टाकीवर, काम करीत आहे. गेल्या महिन्यात सहकाऱ्यांनी मला सुरक्षा समितीवर कामगार प्रतिनिधी म्हणून निवडले. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. त्यात कायद्याची कलमे वाचून दाखवण्यात आली, हेल्मेट आणि बुटांचे महत्त्व सांगण्यात आले, शपथ झाली आणि प्रमाणपत्रही मिळाले. तरीही बैठकीत नेमके काय बोलावे, हे मला कळत नाही. शिवाय उद्या अपघात झाला, तर प्रतिनिधी म्हणून ठपका माझ्यावर येईल का?
— एक वाचक, रायगड

उत्तर : आधी ठपक्याविषयी. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावर टाकलेले आहे आणि आपण समितीवर बसलात म्हणून ते आपल्याकडे सरकत नाही. स्वतःच्या आणि शेजारी काम करणाऱ्याच्या जिवाची काळजी घेण्याचे कर्तव्य कामगार म्हणून आपल्यावर पूर्वीही होते. ते तेवढेच राहते. प्रतिनिधी म्हणजे बिनपगारी सेफ्टी ऑफिसर नव्हे.

समितीवर कामगाराला मिळालेली जागा हा व्यवस्थापनाचा मोठेपणाही नव्हे. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची गळती झाली. त्यानंतर 1987 साली कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि अशा कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक झाली. आरोग्य व सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि त्याविषयी प्रशिक्षण मिळवण्याचा कामगाराचा हक्कही त्याच दुरुस्तीने लिहिला गेला. कारखाना अधिनियमाच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक नव्या संहितेतही समितीतील कामगारांची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नये, असे म्हटले आहे.

आता प्रशिक्षणाविषयी. आपल्याला जे मिळाले त्याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही, कारण हेल्मेटचे महत्त्व अकरा वर्षे रिॲक्टरवर काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रतिनिधीला शिकवायचे असते ते पाहणे, विचारणे आणि विचारलेले कागदावर आणणे. आपल्याच कामातील उदाहरण घेऊ. रिकामा केलेला रिॲक्टर आतून साफ करायचा आहे आणि मॅनहोलमधून माणूस उतरणार आहे. परमिट, म्हणजे आत उतरण्याचा लेखी परवाना, भरलेले आहे, सह्या झालेल्या आहेत. अशा वेळी प्रतिनिधीने विचारायचे प्रश्न अगदी साधे असतात. आतील प्राणवायू मोजला का, कोणी मोजला, किती वाजता मोजला, आणि फक्त तोंडाशी मोजला की तळाशीही? हवेत प्राणवायू सुमारे 20.9 टक्के असतो आणि तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात. वासावर विसंबण्यात अर्थ नाही. प्राणवायूची जागा घेणाऱ्या नायट्रोजनला वासच नसतो आणि विषारी हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येणेच बंद होते. रिॲक्टरला जोडलेल्या नळ्या केवळ व्हॉल्व्ह फिरवून बंद केल्या आहेत, की खरोखर तोडून वेगळ्या केल्या आहेत? जुन्या अधिनियमाच्या कलम 36 मध्ये आत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोरी बांधलेली असावी आणि तिचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे, असे स्पष्ट लिहिलेले होते. तेव्हा त्या वेळी ते टोक कोणाच्या हातात आहे, आणि तो माणूस चहाला गेला तर कोण धरणार, हे विचारावे. आतला माणूस कोसळला की बाहेरचा जिवाच्या आकांताने तसाच आत उडी घेतो आणि एकाचे दोन मृत्यू होतात. म्हणून वाचवायला कोणी, काय घालून उतरायचे, हे आधीच ठरलेले हवे.

बैठकीत “सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होते” असे मोघम बोलू नका. त्यावर सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. “मंगळवारी दुसऱ्या पाळीत तीन नंबरच्या रिॲक्टरवर वायूमापनाची नोंद नव्हती” असे बोला आणि ते काम कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे इतिवृत्तात लिहून घ्या. हाताळत असलेल्या प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात सोळा विभाग असतात. निदान धोके, प्रथमोपचार आणि संरक्षक साधने हे तीन विभाग मराठीत करून कामाच्या जागी लावण्याचा आग्रह धरा. पुढील शिक्षणासाठी शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि नवी मुंबईतील राष्ट्रीय सुरक्षा परिषद येथे पाठवण्याची लेखी मागणी समितीमार्फत करता येईल.

प्रश्न : आमच्या प्रेस शॉपमधील (धातूचे पत्रे दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागातील) कामगार प्रतिनिधींचे प्रशिक्षण ठरवायचे आहे. ते किती दिवसांचे असावे? कंत्राटी कामगारांना त्यात घ्यावे का?
— कार्मिक अधिकारी, नाशिक

उत्तर : दिवस मोजण्यापेक्षा ते तोडून द्यावेत. एक दिवस वर्गात बसवावे आणि मग महिनाभर प्रत्येकाने आपल्या विभागाच्या फेऱ्या माराव्यात. कोणत्या प्रेसचे गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारे आवरण, काढून ठेवलेले आहे, दोन्ही हातांनी दाबायचे बटण कोणी एकाच हाताचे करून घेतले आहे, आणि मुख्य म्हणजे का, हे टिपून घेऊन त्यांनी पुन्हा एक दिवस एकत्र बसावे. गार्ड बहुधा आळसाने निघत नाही, ते उत्पादनाच्या आकड्यासाठी निघते. म्हणून त्या दुसऱ्या दिवशी उत्पादन विभागप्रमुखांनाही समोर बसवावे. हे दिवस हजेरीतच धरावेत. कंत्राटी कामगार अवश्य घ्यावेत, कारण बोटे त्यांचीही त्याच प्रेसखाली जातात. नावांच्या यादीत रात्रपाळीचा एकही माणूस नसेल, तर यादी पुन्हा करावी.