वाचकांचे प्रश्न : जर्बिलच्या पिल्लांचे रंग

प्रश्न : आमच्याकडे सोनेरी नर आणि काळी मादी अशी जर्बिलची, म्हणजे उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याची, जोडी आहे. मादी पहिल्यांदाच व्याली असून तिला पाच पिल्ले झाली आहेत. आज पाचव्या दिवशी तीन पिल्लांची कातडी काळपट दिसू लागली आहे, परंतु दोन अजून गुलाबीच आहेत. ही दोन अशक्त आहेत का? की ती पुढे पांढरी होणार? कोणत्या पिल्लाचा रंग कोणता, हे आताच ओळखता येईल का?

उत्तर : दोन्ही गुलाबी पिल्ले दूध पीत असतील, त्यांची पोटे भरलेली दिसत असतील आणि ती इतरांसारखीच वळवळत असतील, तर त्यांच्या प्रकृतीची काळजी करण्याचे कारण नाही. जर्बिलची पिल्ले जन्मतः उघडी, गुलाबी आणि जेमतेम तीन ग्रॅम वजनाची असतात. पहिल्या काही दिवसांत कातडीत रंगद्रव्य उतरू लागते, आठवडा संपता संपता बारीक लव दिसते आणि डोळे मात्र साधारण सोळाव्या ते विसाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. म्हणजे डोळे उघडण्याची वाट न पाहता बरेच काही कळू शकते, आणि तरीही शेवटचा शब्द उच्चारण्यासाठी दीड-दोन महिने थांबावे लागते.

सर्वांत आधी डोळे पाहावेत. पापण्या मिटलेल्या असल्या तरी कातडी इतकी पातळ असते की गडद डोळ्याचा काळा ठिपका आतून स्पष्ट दिसतो. खिडकीतल्या उजेडात तळहातावर पिल्लू क्षणभर घेतले की हा फरक लगेच लक्षात येतो: एकाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना मोहरीएवढे काळसर ठिपके असतात, तर दुसऱ्याच्या त्याच जागी नुसती गुलाबी फुगीर कातडी असते. आपली दोन्ही गुलाबी पिल्ले बहुधा या दुसऱ्या प्रकारची, म्हणजे लाल डोळ्यांची असतील. पांढरी होण्याची शक्यता आपल्या जोडीत कमी आहे. अधिक संभव आहे तो नारिंगी-सोनेरी ‘आर्जेन्ट’ किंवा फिकट जांभळट-राखी ‘लायलॅक’ यांचा. पिल्लू हाताळण्यापूर्वी हात पिंजऱ्यातल्या बिछान्यावर चोळून घ्यावेत, आई सरावलेली नसेल तर पहिला आठवडा पिल्लांना हात लावूच नये, आणि कोणत्याही वयात शेपटीला धरून उचलू नये, कारण जर्बिलच्या शेपटीची कातडी सहज निसटून येते.

त्यानंतर पोट पाहावे. सोनेरी जर्बिलचा रंग म्हणजे रानातल्या जर्बिलचा मूळ रंग. त्याला ‘अगूटी’ म्हणतात. त्याच्या पाठीवरचा एकेक केस बुंध्याशी राखी, मध्ये सोनेरी आणि टोकाला काळा असतो, पोट मात्र पांढरे असते. ज्या जनुकामुळे हे पट्टे आणि पांढरे पोट मिळते, त्याचे प्रभावी रूप ‘मोठा ए’ आणि अप्रभावी रूप ‘लहान ए’ असे लिहिण्याची पद्धत आहे. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी लहान ए आला की पट्टे उरत नाहीत, पोटही पाठीसारखेच रंगते आणि जर्बिल काळे होते. त्यामुळे तीन काळपट पिल्लांपैकी ज्याची पाठ काळवंडली आणि पोट गुलाबी राहिले ते सोनेरी होणार, आणि ज्याचे पोटही काळपट झाले ते काळे होणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. काळ्या जर्बिलच्या गळ्यावर किंवा पंजांवर थोडा पांढरा भाग पुष्कळदा असतो; तेवढ्यावरून त्याला ठिपकेदार समजू नये.

आता लाल डोळे कुठून आले, हा प्रश्न उरतो. त्यांचा संबंध ‘पी’ नावाच्या दुसऱ्याच जनुकाशी आहे. त्याचे अप्रभावी रूप दोन्ही बाजूंनी आले की काळे रंगद्रव्य फार फिके पडते, पिवळे-तांबूस मात्र जवळजवळ तसेच राहते. म्हणूनच सोनेरीतला काळा भाग गेला की नारिंगी आर्जेन्ट उरतो आणि काळ्यातला काळा फिका पडला की लायलॅक. आपल्या दोन्ही जर्बिलांचे डोळे काळे असूनही लाल डोळ्यांची पिल्ले झाली असतील, तर दोघांनीही लहान पी दडवून आणला होता एवढे निश्चित म्हणता येते. तसेच एक जरी पिल्लू काळे किंवा लायलॅक निघाले, तर सोनेरी नराकडे एक लहान ए असल्याचेही सिद्ध होईल. हे दोन्ही खरे ठरले तर प्रत्येक पिल्लासाठी हिशेब असा बसतो: आठांत तीन वाटे सोनेरी, तीन वाटे काळे, एक वाटा आर्जेन्ट आणि एक वाटा लायलॅक. पाच पिल्लांत दोन लाल डोळ्यांची निघाली म्हणून हिशेब चुकला असे होत नाही. हे प्रमाण प्रत्येक पिल्लासाठी नव्याने लागू होते, वेताची वाटणी ते करून देत नाही.

प्रश्न : नर आणि मादी दोन्ही काळ्या रंगाची असताना एक पिल्लू केशरी झाले. सात आठवड्यांनी ते डोक्याकडून तपकिरी-काळपट होत चालले आहे. दुकानातून आणली तेव्हाच मादी दुसऱ्या नराकडून गाभण होती का? की पिल्लाला त्वचेचा आजार आहे?

उत्तर : मादी आणल्यानंतर किती दिवसांनी व्याली, हे आपण लिहिलेले नाही. जर्बिलचा गर्भकाळ साधारण २४ ते २६ दिवसांचा असतो. पिल्ले अंगावर पीत असताना मादी पुन्हा गाभण राहिली असेल तर तो बराच लांबतो. परंतु आपल्या पिल्लाचा खुलासा दुसऱ्या नराशिवायही पूर्णपणे होतो.

काळ्या रंगाखाली आणखी एक जनुक दडलेले असू शकते. त्याला ‘ई’ म्हणतात. त्याचे अप्रभावी रूप दोन्ही बाजूंनी आले की केसात काळ्याऐवजी पिवळे-केशरी द्रव्य भरते. काळ्या जर्बिलमध्ये असे घडले की त्या रंगाला ‘नटमेग’, म्हणजे जायफळी, म्हणतात. जायफळी पिल्लू पहिली लव येते तेव्हा चांगले केशरी असते आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिल्यांदा केस बदलतात तेव्हा नव्या केसांची टोके गडद येतात. नवे केस अंगभर एकाच वेळी येत नाहीत. त्यामुळे पिल्लाच्या अंगावर काही दिवस जुन्या आणि नव्या रंगाची ठळक सीमा दिसते, आणि नेमकी तीच पाहून पुष्कळ लोक घाबरतात. त्वचारोगात केस विरळ होतात, कातडी लाल होते, कोंडा पडतो किंवा खपल्या धरतात, पिल्लू सारखे खाजवत राहते. असे काही दिसत असेल तरच पशुवैद्याकडे न्यावे.

या पिल्लाचे पोट पाहण्यास मात्र विसरू नये. ते पाठीसारखेच रंगीत असेल तर माझे निदान पक्के समजावे. पोट स्वच्छ पांढरे असेल तर ते जायफळी नसून ‘गडद डोळ्यांचे हनी’ असेल, म्हणजे त्याच्यात मोठा ए असेल. आणि दोन काळ्या जर्बिलांकडे द्यायला मोठा ए नसतोच. तसे निघाले तर मात्र दुसऱ्या नराची आपली शंका खरी मानावी लागेल.

प्रश्न : पांढरे, लाल डोळ्यांचे पिल्लू घेतले होते. तीन महिन्यांचे झाल्यावर त्याच्या शेपटीवर काळसर रेघ उमटली आहे. ही घाण आहे की बुरशी?

उत्तर : दोन्ही नाही. आपले जर्बिल ‘हिमालयन’ आहे; त्याला काळ्या शेपटीचे पांढरेही म्हणतात. त्याच्या अंगात रंगद्रव्य तयार करणारे विकर (एन्झाइम) उष्णतेत काम करत नाही आणि शरीराच्या थंड भागात, म्हणजे शेपटीसारख्या टोकाच्या जागी, थोडे काम करते. सयामी मांजराचे कान आणि शेपटी गडद होण्याचे कारणही हेच आहे. पूर्ण पांढरे राहणारे लाल डोळ्यांचे जर्बिल आणि हे जर्बिल लहानपणी एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. शेपटी रंगली तरच उलगडा होतो. धुऊन काढण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : माझ्या सोनेरी मादीला काळ्या नरापासून सात पिल्ले झाली आणि सातही सोनेरी आहेत. ती शुद्ध सोनेरी आहे असे मी खात्रीने सांगू शकतो का?

उत्तर : खात्रीने नाही, परंतु खात्रीच्या फार जवळ आपण पोहोचला आहात. मादीने लहान ए दडवला असता तर प्रत्येक पिल्लू सोनेरी होण्याची शक्यता निम्मी असती आणि सातही सोनेरी होण्याची शक्यता १२८ पैकी एक. एक काळे पिल्लू जन्मले असते तर मात्र त्याच क्षणी प्रश्न मिटला असता. दडलेले जनुक आहे हे सिद्ध करण्यास एक पिल्लू पुरते. ते नाही हे दाखवण्यास कितीही पिल्ले झाली तरी थोडी शंका उरतेच. आपली सातही पिल्ले मात्र, आई शुद्ध असो वा नसो, एकेक लहान ए घेऊनच जन्मली आहेत, कारण काळ्या बापाकडे देण्यासारखे दुसरे काही नव्हते. ही नोंद पिल्ले दुसऱ्याच्या घरी देताना सोबत द्यावी.

प्रश्न : माझी जोडी ठिपकेदार आहे, दोघांच्याही कपाळावर, नाकावर आणि मानेवर पांढरे ठिपके आहेत. दोन वेतांत मिळून आठ पिल्ले झाली, त्यांपैकी पाच ठिपकेदार आणि तीन साधी. सगळी पिल्ले ठिपकेदार व्हावीत म्हणून कोणती पिल्ले पुढे ठेवावीत?

उत्तर : अशी पिल्ले ठेवून आपला हेतू साध्य होणार नाही, आणि ही जोडी पुढे चालू ठेवू नये अशी माझी आपणास मनापासून विनंती आहे.

ठिपके देणारे जनुक प्रभावी आहे. त्याची एक प्रत आली की ठिपके दिसतात. दोन प्रती आल्या तर तो गर्भ जन्मापर्यंत पोहोचतच नाही. दोन ठिपकेदार जर्बिलांच्या जोडीत प्रत्येक चार गर्भांपैकी सरासरी एक असा पोटातच मरतो, दोन ठिपकेदार आणि एक साधा जन्मतो. आपल्या आठांत पाच आणि तीन ही संख्या त्या दोनास एक प्रमाणाच्या जवळच आहे. जन्मलेले प्रत्येक ठिपकेदार जर्बिल एकच प्रत बाळगून असते, त्यामुळे नेहमी ठिपकेदारच पिल्ले देणारी जोडी जगात असूच शकत नाही. फ्रान्समध्ये ल्यूसियाँ क्यूएनो यांना १९०५ साली पिवळ्या उंदरांबाबत हाच अनुभव आला होता: पिवळ्याशी पिवळा कितीही जुळवला तरी शुद्ध पिवळा वंश काही मिळेना. काही वर्षांनी त्याचे कारण स्पष्ट झाले, ते दोन प्रतींच्या गर्भाच्या मृत्यूचे होते.

ठिपकेदार जर्बिल साध्या रंगाच्या जर्बिलशी जुळवले तर निम्मी पिल्ले ठिपकेदार होतात आणि या कारणाने एकही गर्भ वाया जात नाही. तेवढीच ठिपकेदार पिल्ले मिळवण्यासाठी मादीच्या पोटात मृत्यू ओढवून घेण्याची गरजच नाही. ठिपके ओळखणेही सोपे असते. कातडी गडद होऊ लागली की कपाळावर आणि मानेवर गुलाबी राहिलेले डाग लव येण्यापूर्वीच दिसतात. फक्त लाल डोळ्यांच्या फिक्या पिल्लांत ते लव येईपर्यंत लपून राहतात.

आपल्या सध्याच्या जोडीबाबत एक गोष्ट तातडीने करावी. व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे तिसरे वेत आधीच पोटात असण्याचा संभव आहे. तसे असल्यास ते सुखरूप होऊ द्यावे आणि पुढील व्याण्याच्या सुमारास नराला वेगळे करून त्याच्यासोबत त्याचा एखादा कोवळा नर बच्चा ठेवावा, म्हणजे त्याला एकटे राहावे लागणार नाही. अशा तऱ्हेने वेगळी केलेली जोडी काही दिवसांनी पुन्हा एकत्र सोडू नये. जर्बिल परक्या वासाच्या जर्बिलवर तुटून पडते आणि जुना सोबतीही थोड्याच काळात त्याला परका वाटू लागतो.