इसार देण्याआधी वाट तपास

सप्रेम आशीर्वाद.

जमीन मनात भरली आहे आणि इसार द्यायचं चाललंय, असं कळलं. थोडं थांब. आणखी एकदा तिथे जा, आणि शक्य असेल तर भर पावसात जा. कोरड्या दिवसांत कुठलीही मोकळी जमीन देखणीच दिसते. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, हे पावसातच कळतं. तेवढं थांबणं जमत नसेल तर बुंध्यांवर चिखलाची रेघ दिसते का, कुंपणात वाहून आलेला काडीकचरा अडकलाय का, ते बघ. लव्हाळा माजलेल्या भागात घर बांधू नये.

मला खरी काळजी वाटते ती रस्त्याची. गाडी जमिनीपर्यंत गेली म्हणून रस्ता आपला होत नाही. मधली वाट शेजाऱ्याच्या मालकीची असेल आणि तो निव्वळ चांगुलपणाने जाऊ देत असेल, तर त्याने जमीन विकल्यावर नवा मालक ती अडवू शकतो. मग कोर्टात वर्षं जातात. वहिवाटीचा हक्क कागदावर आहे का? किती रुंदीचा? पायी जाण्यापुरता, की बोअरची गाडी आणि मालाचा ट्रक जाईल असा? 'सगळे इथूनच जातात' या उत्तरावर अजिबात विसंबू नकोस.

शेजाऱ्यांना स्वतः भेट, विकणाऱ्याला सोबत न नेता. विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी असतं, हद्दीवरून कुणाचं भांडण चालू आहे का, हे तेच सांगतील. कुंपण आहे तिथेच हद्द असेल असं नाही, म्हणून मोजणी करून घे. मालकी, वारस, कर्जाचा बोजा हे सगळं वकिलाकडून तपासून घे, पण तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको. घर बांधायला परवानगी मिळते का, तेही आधीच विचार.

विहिरीचा भरवसा नसेल तर छपराचं पाणी हिशेबात धर: 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की साधारण 1,000 लिटर. शोषखड्ड्याच्या जागी दोन-तीन फूट खणून पाणी भरून ठेव. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर माती चिकण आहे, सांडपाण्याची सोय महाग पडेल. विजेचा जवळचा खांब किती लांब आहे, तेही मोजून ठेव.

नकाशा आणि वहिवाटीचा कागद हाती आला की मला पाठव. दोन्ही बघून लगेच कळवेन. तोवर इसार देऊ नकोस.