मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा पुन्हा तुटत असतील तर

आपले वजन 115 किलो आहे, हायब्रीड सायकलला 700×28 चे टायर आहेत, सहा महिन्यांत मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले आणि दुकानदाराने 'वजन कमी करा' एवढेच सांगितले, हे वाचून वाईट वाटले. माझे वजन 118 किलो असताना मलाही हेच ऐकावे लागले होते. दोष आपल्या वजनात नाही, चाकाच्या बांधणीत आहे.

स्पोक भाराने ताणून तुटत नाही, तो थकून तुटतो. चाक फिरताना जमिनीलगत आलेल्या स्पोकांचा ताण क्षणभर उतरतो आणि वर जाताच पूर्ववत होतो. आपल्या चाकात हे दर किलोमीटरला साडेचारशेहून अधिक वेळा घडते. मुळातच ताण कमी असेल, तर स्पोक प्रत्येक फेरीत पुरता सैल पडतो, निपल (रिमपाशी स्पोक घट्ट धरणारी छोटी नट) हळूहळू फिरत जाते आणि हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, जिथे स्पोकाला वाक दिलेला असतो, तिथे धातू तडकतो. मागच्या चाकात गिअरना जागा देण्यासाठी डावीकडचे स्पोक उजवीकडच्यांपेक्षा बरेच सैल ठेवावे लागतात आणि अधिक भारही त्याच चाकावर येतो. चार स्पोक तुटल्यानंतर उरलेलेही तितकेच थकलेले असतात, म्हणून एकेक बदलून चाकाचा आऊट काढत (वाकडेपणा सरळ करत) राहण्यात अर्थ नाही.

मागचे चाक नव्याने हाताने बांधून घ्या: 36 भोकांची डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम, तेवढ्याच भोकांचा फ्रीहब (ज्यावर गिअरची चक्रे सरकवून बसवतात असा हब), आणि टोकांना 2 मिमी व मधे 1.8 मिमी जाडीचे स्टेनलेस स्पोक. मधे बारीक असलेला स्पोक दुबळा वाटतो, पण तो अधिक लवचीक असल्यामुळे भार शेजारच्या स्पोकांत वाटला जातो आणि वाकावरचा ताण हलका होतो. आटे असलेल्या फ्रीव्हीलचा हब, म्हणजे ज्यावर गिअरचक्रांचा संच आट्यांवर फिरवून बसवतात तो, मात्र टाळा, कारण त्यात उजवे बेअरिंग बरेच आत असते आणि जड स्वाराखाली अ‍ॅक्सल (चाकाचा आस) वाकतो. बांधणारा कारागीर ताण मापकाने मोजतो का आणि शेवटी स्पोकांच्या जोड्या हाताने जोरात आवळतो का, हे आधी विचारा. माझ्या मते रिमच्या नावापेक्षा हे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिल्या 200 किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासून घ्यावा.

28 मिमीचा टायर आपल्यासाठी अरुंद आहे. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ट्यूब रिमच्या दोन कडा आणि जमीन यांच्यामध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. हे टाळायला हवा फार भरली, तर प्रत्येक धक्का थेट चाकात उतरतो. मी 40 मिमीच्या टायरमध्ये मागे 60 ते 65 आणि पुढे 50 पीएसआय ठेवत असे. टायरवर व रिमवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नये. पुढचे चाक सरळ असेल, तर फक्त टायर बदला. खरेदीपूर्वी फ्रेम, फोर्क आणि ब्रेक यांच्यामधली जागा मोजा, कारण काही हायब्रीडमध्ये मडगार्ड काढल्याशिवाय 35 मिमीच्या पुढचा टायर बसत नाही.