ताप उतरला, आता पोनीला स्पर्धेला न्यावे का?

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या पोनीला गेल्या आठवड्यात तीन दिवस ताप होता, नाकातून पाणी वाहत होते आणि कोरडा खोकला होता. आता ताप नाही. पण दुडक्या चालीने पळवली की ती खोकते आणि वैरणही निम्मीच खाते. दहा दिवसांवर शो जंपिंगची, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्याची, स्पर्धा आली आहे. वेदनाशामक देऊन नेता येईल, असे तबेल्यातील एक गृहस्थ म्हणतात. काय करावे?
– एक पालक

उत्तर : नाव मागे घ्यावे, आणि मुलीला ते आजच सांगावे, शेवटच्या दिवसापर्यंत आशेवर ठेवणे तिला अधिक जड जाईल.

तुम्ही लिहिलेली लक्षणे घोड्यांच्या फ्लूसारख्या संसर्गाची असू शकतात. अशा आजारात श्वासनलिकेच्या आतील अस्तराला इजा होते आणि धूळ व कफ बाहेर ढकलणारी ही व्यवस्था पूर्ववत होण्यास साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळे जितके दिवस ताप तितके आठवडे विश्रांती, आणि ती कमीत कमी तीन आठवडे, असा हिशेब पशुवैद्य धरतात. शिवाय वाहनात डोके वर बांधून उभे केल्यास कफ निथळत नाही. लांबच्या प्रवासानंतर तर धडधाकट घोड्यालाही फुप्फुसांचा दाह झालेला आढळतो.

फिनाइलब्युटाझोनसारखे वेदनाशामक ताप आणि वेदना दाबते, संसर्ग मात्र तसाच राहतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेच्या वेळी घोड्याच्या शरीरात ते असणे निषिद्धही आहे. त्याहून गंभीर गोष्ट ही की खोकणारे जनावर दुसऱ्यांच्या घोड्यांशेजारी नेऊन उभे करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मला खरी काळजी वाटते ती निम्म्या वैरणीची. मोठ्या घोड्याने एखादा दिवस कमी खाल्ले तर तो बहुधा निभावून नेतो, परंतु पोनीचे शरीर, विशेषतः ती अंगाने भरलेली असेल तर, उपासमार होताच साठलेली चरबी इतक्या वेगाने रक्तात सोडू लागते की यकृताला ती पेलवत नाही, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून पशुवैद्यांना आजच बोलवावे आणि रक्तातील चरबी तपासण्याविषयी विचारावे. बारीक झाली तर बरेच, असे कोणी म्हटल्यास ऐकू नये.

पशुवैद्य येईपर्यंत जबड्याखाली हात फिरवून पाहा. तेथे गरम, दुखरी सूज लागली किंवा नाकातून घट्ट पिवळा स्राव येऊ लागला, तर 'स्ट्रँगल्स' या अतिशय संसर्गजन्य रोगाची शक्यता असते. निदान होईपर्यंत पोनीला वेगळे बांधावे, तिची बादली, खरारा आणि फडकी दुसऱ्या घोड्यांसाठी वापरू नयेत आणि तिचे काम सर्वांत शेवटी करावे.

वैरण पाण्यात भिजवून जमिनीवर ठेवावी. त्यामुळे धूळ बसते आणि मान खाली राहिल्याने कफही वाहून जातो. तबेल्यात हवा खेळती असावी आणि पोनी आत असताना झाडू मारू नये. गुदद्वारातून सकाळ-संध्याकाळ तापमान घेऊन वहीत लिहावे. थर्मामीटर धरताना मागे उभे न राहता बाजूला उभे राहावे. पूर्ण वाढ झालेल्या पोनीचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. ही वही मुलीकडे द्यावी, कारण स्पर्धा हुकली तरी पोनी तिचीच आहे आणि या दिवसांत तिला काम हवे.

पशुवैद्यांनी परवानगी दिल्यावर आधी काही दिवस केवळ हाताने धरून चालवावे, मग थोडी दुडकी द्यावी. उड्यांचा सराव सर्वांत शेवटी. मध्येच खोकला आला तर एक पायरी मागे यावे.