सिस्टीम दुपारी सुरू झाली, मग दुसऱ्या दिवशीचं विमान रद्द का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सकाळी विमान कंपनीची सिस्टीम बंद पडली, दुपारी 'सेवा सुरळीत' अशी बातमी आली, तरी दुसऱ्या दिवशीचं मुलीचं कोल्हापूर-हैदराबाद रद्द झालं आणि पुढचं भुवनेश्वरचं विमान चुकलं. उजळाईवाडीत, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, आभाळ स्वच्छ होतं, मग 'कालच्या बिघाडामुळे रद्द' असं काउंटरवर खोटं सांगितलं का?

माझं राजारामपुरीत तिकिटांचं काम आहे, अशा दिवशी लोक आधी आम्हालाच गाठतात. माझ्या मते काउंटरवरच्या पोरांनी खरंच सांगितलं.

बोर्डिंग पास न निघणं ही यातली सगळ्यात छोटी अडचण. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा इंडिगोने आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. हाताने होत नाही ते वेगळंच काम: कुठलं विमान कुठे अडकलंय, कुठला पायलट कुठल्या शहरात आहे, त्याच्या ड्युटीचे किती तास उरलेत, हे सगळं पुन्हा जुळवणं. ड्युटीची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. ती संपली की विमान दारात उभं असलं तरी पायलट उडवू शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

त्याच जुलैत अमेरिकेतल्या बाकी कंपन्या लवकर सावरल्या, पण डेल्टाची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली, कारण क्रूचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअरच बदलांच्या ओझ्याखाली मागे पडलं. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्याच साउथवेस्ट या विमान कंपनीचं तर याहून वाईट झालं. सुरुवात हिमवादळाने झाली, पण वादळ ओसरल्यावरही कुठला कर्मचारी कुठे आहे हे कंपनीलाच कळेना. १६,००० हून जास्त उड्डाणं गेली आणि पुढे सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठरवला.

आता आपलं बघा. मुक्कामाची एसटी रात्री गावात आलीच नाही, तर सकाळची पहिली फेरी सुटणार कुठून? कोल्हापूरचं तसंच आहे. येणारं विमानच परत जातं, हाताशी दुसरं उभं नसतं. घडी पुन्हा बसवताना कंपनी गर्दीच्या मार्गांना आधी विमान देते, दिवसाला मोजक्या फेऱ्या असलेली गावं मागे राहतात. याचा मला मनापासून राग आहे. कोल्हापूरच्या प्रवाशानेही पूर्ण पैसे मोजलेले असतात. म्हणून अशा वेळी 'सिस्टीम सुरू झाली का' हे विचारू नका. 'आमचं विमान आत्ता कुठे आहे आणि क्रू ठरलाय का' हे विचारा.

विमान रद्द झालं की डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) नियमाप्रमाणे पर्यायी विमान किंवा पूर्ण रिफंड, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. वेळेत कळवलं नसेल तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५ ते १० हजारांपर्यंत भरपाईचीही तरतूद आहे. 'कारण आमच्या हाताबाहेरचं होतं' असं म्हणून कंपन्या ती टाळतात. म्हणून रद्द होण्याचं कारण मेसेजवर किंवा ईमेलवर लेखी घ्या आणि दाद मिळाली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. एक मात्र लक्षात ठेवा: कंपनीने रद्द करण्याआधी घाबरून स्वतः अ‍ॅपवर तिकीट रद्द करू नका, त्याची कपात तुमच्या माथी बसते.

मुलीचं खरं नुकसान दोन वेगळ्या पीएनआरमुळे, म्हणजे दोन्ही विमानांचं बुकिंग वेगवेगळं असल्यामुळे झालं. एकाच पीएनआरवर असतं तर पुढे पोचवणं कंपनीचं काम होतं. पुढच्या वेळी एकच पीएनआर घ्या. ते जमलं नाही तर आदल्या दिवशी हैदराबाद गाठा, किंवा रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईला जाऊन तिथून थेट विमान घ्या.

भुवनेश्वरचं तिकीट वाया गेलं असं समजून सोडू नका. मूळ भाडं गेलं तरी न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क मागता येतं. तो अर्ज आजच करा.