सद्गुणनीती, स्त्रीवादी नीतिविचार, सामाजिक करार : शब्द आणि त्यांची ओढ

प्रश्न असा आहे : व्हर्च्यू एथिक्स, फेमिनिस्ट एथिक्स आणि सोशल कॉन्ट्रॅक्ट थिअरी या नीतिशास्त्रातल्या तीन भूमिकांची तुलना मराठीत लिहायची आहे. 'सद्गुण नीतिशास्त्र', 'स्त्रीवादी नीतिशास्त्र' आणि 'सामाजिक करार सिद्धान्त' चालतील का, की 'शील', 'काळजी', 'संविदा' हे शब्द जास्त नेमके ठरतील?

रुळलेले शब्द मोडू नका. मात्र यातल्या प्रत्येक शब्दाला रोजच्या मराठीत एक वेगळा अर्थ आहे आणि तो वाचकाला आपल्याकडे ओढतो. सांभाळायचं आहे ते तिथे.

आधी लेखनाचं. 'नीती' सुटा असला किंवा समासाच्या शेवटी आला की ती दीर्घ : सद्गुणनीती. समासात पहिलं पद झाला की ऱ्हस्व : नीतिशास्त्र, नीतिविचार. शिवाय नीतिशास्त्र ही अख्खी अभ्यासशाखा आहे. तिच्यातल्या भूमिकांना पुन्हा 'शास्त्र' लावलं तर तीन वेगळे विषय असल्यासारखं वाटतं. म्हणून सद्गुणनीती, स्त्रीवादी नीतिविचार आणि सामाजिक कराराचा सिद्धान्त, असं लिहावं.

'शील' इथे नकोच. बौद्ध परंपरेत त्याला मोठा अर्थ आहे, पण आजच्या मराठीत 'शीलभ्रष्ट' म्हटलं की बोट बाईकडे आणि तिच्या देहाकडे जातं. स्त्रीवादी विचारांशी तुलना करणाऱ्या लेखात तर हा शब्द फारच घात करेल. 'सद्गुण' बरा, पण तो शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखा ऐकू येतो. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलचा मूळ शब्द 'अरेटे' अधिक कणखर आहे. डोळ्याचा अरेटे म्हणजे नीट दिसणं, घोड्याचा अरेटे म्हणजे चांगलं धावणं. मराठीत हा अर्थ जिवंत आहे : औषधाला गुण येतो, एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो. लेखात हे एकदा सांगून टाकलं की 'सद्गुण' म्हणजे नुसता भलेपणा नव्हे, माणूस म्हणून नीट जगू देणारी मुरलेली वृत्ती, हे वाचकाला पटतं.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो 'सुवर्णमध्य' या शब्दाने. आपल्याकडे सुवर्णमध्य 'काढतात', म्हणजे दोन पक्षांत तडजोड करतात. अ‍ॅरिस्टॉटल तडजोडीबद्दल बोलतच नाही. धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधलं, पण हा मध्य मोजपट्टीवरचा नाही. त्याचंच उदाहरण पाहा : दहा माप अन्न जास्त होतं आणि दोन माप कमी पडतं, म्हणून सगळ्यांना सहा माप द्या, असं होत नाही. मिलो नावाच्या पहिलवानाला सहा माप कमी पडेल, व्यायामाला नुकती सुरुवात केलेल्याला ते जास्त होईल. आणि खून, चोरी, व्यभिचार यांना मध्य नसतोच. 'सुवर्ण' हे विशेषणही त्याचं नाही, ते रोमन कवी होरेसकडून आलं. म्हणून नुसतं 'मध्य' लिहावं. तो ओळखणाऱ्या बुद्धीला 'व्यवहारज्ञान' म्हणू नये, त्यात हुशारीने काम साधण्याचा वास येतो. 'तारतम्य' हा आपला शब्द तिथे चपखल बसतो.

'संविदा' कायद्याच्या पुस्तकात राहू द्या. 'करार' सगळ्यांना कळतो. अडचण इतकीच की करार म्हटलं की स्टॅम्पपेपर, सह्या आणि साक्षीदार डोळ्यांसमोर येतात. मग विद्यार्थी विचारतो, हा करार झाला कधी? त्यामुळे कोणाचा करार आणि कोणत्या अर्थाने, हे प्रत्येक वेळी लिहावं. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या मांडणीत (1651) करार लोकांचा एकमेकांशी होतो, सार्वभौम सत्ता त्यात पक्षकार नसते. तेव्हा 'राजा-प्रजेतला करार' हे वर्णन तिथे चुकीचं आहे. त्याच्यानंतरचा इंग्रज तत्त्वज्ञ लॉक देशात राहण्यालाच मूक संमती मानतो आणि सरकारला विश्वस्त. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सचा करार (1971) तर उघडच काल्पनिक आहे : आपण कोण असू हे माहीत नसताना कोणते नियम मान्य केले असते? इथे 'केला' लिहिलं की अर्थ बिघडतो, 'केला असता' हवं.

'स्त्रीवादी'ला पर्याय म्हणून 'स्त्रैण' कधीच नको, मराठीत ती हेटाळणी आहे. 'स्त्रीसुलभ'ही टाळा, कारण काळजी घेणं हा बाईचा स्वभावच, असं त्यातून सुचतं आणि वाद नेमका त्यावरच आहे. शिवाय काळजीची नीती (केअर एथिक्स) म्हणजे अख्खा स्त्रीवादी नीतिविचार नव्हे. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांच्या 1982 च्या पुस्तकामुळे ती चर्चेत आली. त्यात दोन मुलांची उत्तरं आहेत. बायको मरणाच्या दारात आहे, औषध परवडत नाही, तर नवऱ्याने ते चोरावं का, या मानसशास्त्रज्ञ कोलबर्ग यांच्या प्रश्नावर अकरा वर्षांचा जेक म्हणतो, चोरावं, जीव पैशापेक्षा मोठा. त्याच वयाची एमी म्हणते, चोरू नये, पण बायकोला मरूही देऊ नये, औषधवाल्याशी बोलून वाट काढावी. नैतिक विकास मोजणाऱ्या कोलबर्ग यांच्या मोजपट्टीवर एमीला खालची पायरी मिळते. ती पट्टी मुळात मुलग्यांच्या अभ्यासावरून बनली होती.

केअरसाठी 'काळजी'च ठेवा, फक्त क्रियापद जपून निवडा. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोन ट्रॉन्टो यांनी काळजीचे चार टप्पे सांगितले. मराठीत ते जवळजवळ तयारच आहेत : काळजी वाटणे, जबाबदारी उचलणे, काळजी घेणे आणि जिची घेतली तिला ती पुरली का ते पाहणे. 'काळजी करणे' यात कुठेच बसत नाही.

तिघांसाठी सारख्याच रकान्यांचा तक्ता मात्र करू नका. सद्गुणनीती विचारते, माणूस कसा असावा. करारवादी विचारतो, कोणता नियम सर्वांना मान्य होईल. स्त्रीवादी विचार या दोघांनाही विचारतो की तुमच्या 'माणूस' आणि 'सर्व' या शब्दांतून कोण गळलं. एकच प्रसंग घेऊन लिहिलं तर हा फरक आपोआप दिसतो. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी 2007 चा केंद्रीय कायदा आहे. त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, आणि निर्वाहभत्त्याची मर्यादा महिना दहा हजार रुपये. सर्वांना मान्य होईल असा नियम म्हणून करारवाद्याला तो तपासता येतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या वाटेने जाणारा विचारेल, पैसे वेळेवर पाठवणारा मुलगा ते कोणत्या वृत्तीने पाठवतो? आणि तिसरा प्रश्न : त्या व्याख्येत सून नाही, मग रात्री दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलणारी या हिशेबात कुठे आहे?